पारू मागल्या दारानं बघायची

त्या दिवशी सांजच्याला आम्ही दोघांनी च्या घेतला आन् मोबाईलवर पोरीचं फोटू बघितलं. एवढंच. आधी पारूनं रोजच्यासारखी कपाळाची टिकली काढून मोबाईलच्या कॅमेऱ्यावर चिकटवली आन् डोईवरचा पदर सारखा केला.

पारू म्हंजे माझी बायकू. टिकली कशाला, तर म्हणायची, "आपण तिला बघाय लागलो तर ती आपल्याला बघंल की!"

पोरगी जिथं फोटू टाकती, तिथं आत शिरायचं तर नाव, नंबर, जन्मतारीख द्यावी लागती. पारू भडकली. "जन्मतारीख कशाला रं मेल्यांनू? सोयरीक जमवायची हाय व्हय?" शहापुरात आमच्या बोळातल्या मोबाईलवाल्यानं तिला दुसरीच एक साईट दावली. तिथनं तेच फोटू दिसत्यात, पर कोण बघतंय ते कुणाला कळत न्हाय. ती साईट मधनंच बंद पडायची. की पारू चपला सरकवून दुकानात. "अण्णा, मागलं दार लागलं बघा. दुसरं कंचं उघडं हाय?"

बघताना कुजबुजायची. एकदा माझा अंगठा फोटूवर पडला, तर हातावर फाटदिशी चापट. "लाईक पडंल की वो!" ह्या साईटवर लाईकच न्हाय, हे मोबाईलवाल्यानं सांगितलं, मी सांगितलं. पटलं न्हाय.

जल्मभर मागाच्या कांड्या भरलेली बाई. सूत कुठं तुटलंय बघावं तसं फोटू बघायची. "वाळलीया. हाटेलातलं खाती वाटतं. आन् पडद्याचा रंग बघा, शेवाळ नुसतं." शेवटाला ठरलेलं, "आपण काय बघितलंच न्हाय."

सुनंदानं पुण्यात आपल्या मनानं लगीन केलं, तवा पारू तिला म्हणालेली, "पुन्यांदा तोंड दावू नगंस." पोरगी आईवरच गेलेली. तिनं नंबरबी बदलला. नवा पै-पाव्हण्यात कुणाकडं न्हाय.

"फोटूखाली लिव की तिला," मी म्हणायचो.

"मी का? तिला आई न्हाय व्हय?"

त्या सांजंला फोटूत सुनंदा आपल्या शहापूरची साडी नेसलेली. पारू लई येळ बघत बसली. "निऱ्या बघा कशा घातल्यात," म्हणाली, आन् काचंवर बोट फिरवून त्या निऱ्या सारख्या कराय लागली.

रातीत गेली. झोपंतच.

सकाळी माणसं जमली. "आप्पा, माती किती वाजता?" मी म्हणालो, थांबा. मोबाईल घिऊन भितीला टेकलो. पोरीच्या साईटवर नाव, नंबर, मागतील ते समदं दिलं. त्या साडीच्या फोटूखाली, साऱ्या दुनियेला दिसंल असं लिवलं:

"सुनंदा, आई गेली. रोज बघायची तुला. माती थांबवलीया. माझा नंबर जुनाच हाय. हद्दीवरचा कोगनोळीचा नाका वलांडलास की फोन कर. आप्पा."