डेल्मरचा भोपळा

"भांडं रिकामं परत धाडायचं नाही, डेल्मर. घरात काही नसलं तर दोन अंडी ठेव, पण रिकामं नाही."

डेल्मर प्रुइटच्या आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी शेजाऱ्यांचं भांडं घरात दिसलं की तिचा आवाज त्याच्या कानाशी यायचा. त्या आठवड्यात तर तो आवाज थांबायलाच तयार नव्हता. ओट्यावर, टेबलावर, शिलाईच्या मशीनवर, जिकडे बघावं तिकडे लोकांनी जेवण भरून धाडलेली भांडी. डेल्मरला हर्निया झालाय हे अख्ख्या कॉपर क्रीक गावाला कळलं होतं.

तसा तो हर्निया अगदी गरीब होता. बेंबीखाली अंड्याएवढा फुगवटा. शिंक आली की त्याच्यावर एक हात दाबायचा, चर्चमध्ये वरचा सूर लावायचा असला की दोन. पण डेल्मरचं पोट चर्चच्या आवारातलं आणि दफनभूमीतलं गवत कापण्यावर होतं, आणि यंत्र ढकललं की दुसरं पोट बाहेर यायचं. डॉक्टर म्हणाले, "आतडं अडकलं तर जिवावर बेतेल. शस्त्रक्रिया करून घ्या." खर्च ऐकल्यावर डेल्मरनं टोपी उचलली, आभार मानले आणि घरी येऊन गवत कापलं.

गरिबांच्या सरकारी विम्यानं, मेडिकेडनं, त्याला पूर्वी एकदा परत पाठवलं होतं. गरीब आहात हे मान्य, पण तुम्ही म्हातारे नाही, अपंग नाही, पदरी लहान मूल नाही. नुसत्या गरिबीवर काही मिळत नसे. आता राज्यानं नियम सैल केले होते. बायकोनं, व्हर्नानं, फोनवरून अर्ज केला आणि दोघंही तो विसरून गेली. सरकारची वाट बघत बसू नये, एवढं शहाणपण गावात सगळ्यांकडेच होतं. आजारपणात वाट बघायची ती डुकराची. कुणी अंथरूण धरलं की चर्चच्या आवारात डुक्कर भाजायचं, ताटं विकायची आणि आजाऱ्याचा फोटो चिकटवलेली काचेची बरणी पेट्रोल पंपावर ठेवायची, ही तिथली रीत.

ही रीत पार पाडायचा मान मिस ओपलचा. ती बायकांचे केस कापायची, त्यामुळे गावातल्या प्रत्येक घरातलं एक तरी डोकं तिच्या हाताखालून गेलेलं. गेल्या शरदातल्या जत्रेतला डेल्मरचा फोटो तिनं शोधून काढला. त्यात तो बक्षीस मिळालेल्या भोपळ्याशेजारी उभा होता. ओपलनं फोटो मधोमध कापला, एक अर्धा बरणीवर लावला, त्याच्याच मोठ्या प्रती काढून गावभर डकवल्या आणि खाली लिहिलं, 'डेल्मरला आपली गरज आहे.'

तिनं भोपळ्याचा अर्धा लावला होता.

ओपलला हे सांगायचं कुणाला धाडस झालं नाही. शिवाय लोकांनी आपापला अर्थ लावलाच होता.

"एवढा वाढलाय?" टायरच्या दुकानातला हॉलिस पोस्टरापुढं टोपी काढून उभा राहिला. "आणि रंग बघा की."

"बिचारा पँट कशी घालत असेल," पेट्रोल पंपावरची बाई म्हणाली आणि तिनं बरणीत आणखी एक नोट टाकली.

बातमी डोंगरापलीकडच्या दोन चर्चपर्यंत गेली. एक डुक्कर पुरणार नाही म्हणून दुसरं आलं. शनिवारच्या जेवणाला शाळेचा बँडही ठरला. कुणीतरी डेल्मरला दाराशी चाकाची खुर्ची आणून दिली आणि तो हिरवळीवर चालत आला तेव्हा त्याला ओरडून तिच्यात बसवलं.

विम्याचं पाकीट आलं ते शुक्रवारी सकाळी. ते तेव्हाच फोडलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. पण व्हर्नाचा नेम कडक होता. रोजचं स्तोत्र मोठ्यानं वाचून झाल्याशिवाय कॉफी नाही आणि टपालही नाही. मध्येच खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून. आणि त्या दिवशी नेमकं बायबलमधलं सर्वांत लांब स्तोत्र होतं. पाच वेळा फोन वाजला, कधी मक्याच्या पिठाच्या भज्यांसाठी, कधी कोबीच्या कोशिंबिरीसाठी, आणि पाचही वेळा व्हर्ना पुन्हा पहिल्या ओवीवर आली. शेवटी स्तोत्र संपलं, कॉफी झाली, पाकीट फुटलं, तोवर दोन्ही डुकरं हिकरीच्या लाकडाच्या निखाऱ्यांवर चढली होती.

"डेल्मर," व्हर्ना म्हणाली, "कार्ड आलंय. सगळा खर्च सरकार करणार."

डेल्मरनं कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "मग आता डुकरांचं काय?"

"खरं ते सांगून टाक."

"अगं, दोन डुकरं आहेत. बँड आहे. मला खुर्ची दिलीये."

"मग खुर्चीत बसून सांग."

शनिवारी डेल्मरनं कार्ड टोपीच्या अस्तरात खोचलं आणि आधी हॉलिसला गाठलं. हॉलिस रात्रभर निखारे सारून काळाठिक्कर पडला होता.

"हॉलिस, समज, एखाद्याला या सगळ्याची गरजच नसली तर?"

"कुणाला गरज नाही?" हॉलिसनं डुकरावर शिंपडायच्या, मिरची घातलेल्या व्हिनेगरची बादली खाली ठेवली. "तुझा भोपळा बघून माझी बायको दोन रात्री झोपली नाही. गप बस खुर्चीत. आणि हे बघ, आपण सरकारच्या दारात जात नाही. आपलं माणूस आपण बघतो."

सरकारच्या फुकटाला हात लावणार नाही, असं दुकानापुढच्या बाकावर बसून सगळ्यांत मोठ्यानं म्हणणारा हा हॉलिसच. डेल्मर पुन्हा खुर्चीत बसला. त्याला कुणी ताट उचलू देईना, पाणीसुद्धा पाजायला लागले. एक म्हातारी फुगवटा बघायचाच म्हणून हटून बसली आणि तिचं समाधान करताना चर्चच्या भिंतीआड डेल्मरची फजिती आणि तिची निराशा दोन्ही झाली.

"एवढासाच?" म्हातारी म्हणाली. "मी तर दोन ताटं घेतली."

यानंतर लपवण्यात अर्थ नव्हता. पाद्रीबुवांनी प्रार्थनेसाठी त्याला ध्वनिक्षेपकापुढं ढकलत आणलं, तसा डेल्मर खुर्चीतून उठला. दोघीतिघींनी 'धन्य प्रभू' म्हटलं.

"मी बरा नाही झालो," डेल्मर म्हणाला, "पण होणार आहे. काल मला मेडिकेडचं कार्ड आलं." त्यानं टोपी काढून ते वर धरलं. "मला कालच सांगायला हवं होतं. आणि पोस्टरावर आहे तो भोपळा. नुसता भोपळा, खायचा."

डुकराची चरबी निखाऱ्यावर टपकलेली शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आली. डेल्मर हॉलिसकडे बघायचं टाळत होता. हॉलिसचा चेहरा लाल, मग जांभळा झाला. मग तो खाली वाकला, उजवा बूट काढला, आणि मोज्यातून एक कार्ड बाहेर आलं.

"गाउटसाठी, अंगठा सुजतो," तो पुटपुटला. "महिना झाला."

"अरे लबाडा," त्याची बायको म्हणाली, "मग मी माझं पिठाच्या डब्यात कशाला लपवलं?"

मग काय, कार्डं कुठून कुठून निघू लागली. कुणाच्या गाण्याच्या पुस्तकातून, कुणाच्या टोपीतून, ट्रंपेट वाजवणाऱ्याच्या बापानं तर ट्रंपेटच्या पेटीतून काढलं. पेट्रोल पंपावरच्या बाईनं दोन दातही दाखवले, नवे. जो तो शेजाऱ्याला हसत होता आणि शेजाऱ्याच्या हसण्यात आपली लाज बुडवत होता.

"मग बरणीचं काय करायचं?" कुणीतरी विचारलं.

"डेल्मरच्या नावानं जमलंय," पाद्रीबुवा म्हणाले, "डेल्मरच ठरवेल. आता जेवा."

सगळे हसत होते, फक्त मिस ओपल नव्हती. ती केकच्या टेबलामागं उभी होती, हातातलं पोस्टर नाकाला टेकवून.

"मी तर डेल्मरच लावला होता," ती हळूच म्हणाली.

डेल्मर तिच्यापाशी गेला. तिनं पोस्टर घडी करून बाजूला ठेवलं आणि त्याला केक कापून दिला. सुरी चालवायच्या आधी ती कडा बोटांनी चाचपत होती. डेल्मरनं घास घेतला. साखरेच्या जागी मीठ होतं, चांगलं कपभर. त्यानं तो गिळला. मग दुसरा घेतला.

"कधीपासून, मिस ओपल?"

"काय कधीपासून?"

"भोपळ्यात आणि माझ्यात फरक कळेनासा झाल्यापासून."

"तसा कधीच फार नव्हता," ओपल म्हणाली. मग तिनं इकडेतिकडे पाहिलं, निदान मान तरी फिरवली. "मोतीबिंदू. दोन्हीकडं. परवा मिसेस लॉफ्लिनचे केस कापले, आणि ते मिसेस लॉफ्लिनचे नव्हते."

"तुम्ही अर्ज केला नाही?"

"केला रे. सरकारनं कमाईची रेषा वर सरकवली, पण दुकान चालतं म्हणून मी तिच्या नखभर वर. विकतचा विमा आहे माझा. छत्रीसारखा आहे. दांडा आहे, कापड नाही. पासष्टची झाले की मिळेल म्हाताऱ्यांचा सरकारी विमा, तोवर हातानं चाचपून कापेन." तिनं त्याचं मनगट धरलं. "कुणाला सांगायचं नाही. गावाला कळलं तर माझ्या कात्रीखाली मान कोण देणार? शब्द दे."

"दिला," डेल्मर म्हणाला. आणि तिच्या देखत, तिला दिसत नव्हतं तरी, त्यानं केकचा तुकडा संपवला.

उरलेला केक तिनं परातीसकट त्याच्या घरी पाठवला. रविवारी प्रार्थनेनंतर व्हर्ना ती परात धुऊन पुसून ठेवत होती. "कोंबड्यांनीसुद्धा तोंड लावलं नाही बघ," ती म्हणाली. "काय झालंय काय ओपलला?"

डेल्मरनं खांदे उडवले. त्यानं परात उचलली, तिच्यात नोटांनी भरलेली बरणी आडवी ठेवली, वर स्वच्छ रुमाल टाकला आणि कडा खोचल्या. बरणीवरचा भोपळा काढायला त्यानं नख लावलं, आणि मग तसाच राहू दिला. डोळ्यांचं ऑपरेशन झालं की तिनंच बघावा.

व्हर्नानं रुमालाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. "डॉक्टरांनी जड उचलू नको म्हटलंय," एवढंच ती म्हणाली.

"जड कुठाय," डेल्मर म्हणाला. "रिकामं नाही, इतकंच."

एक हात पोटावर आणि एक परातीखाली ठेवून तो मागच्या दारानं निघाला, दफनभूमीच्या बाजूनं, जिथं रविवारी कुणी भेटत नाही. आईच्या थडग्यापाशी गवत वाढलं होतं. त्यानं नुसती मान लववली आणि ओपलच्या मागच्या पायरीकडे वळला.