सिद्धराम वकील कोणाचे?

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या सिद्धराम वकिलांचं नाव हायकोर्टाच्या न्यायमूर्तिपदासाठी सुचवण्यात आलं, तेव्हा त्यांना कायदा येतो का, हा प्रश्न कोणीच विचारला नाही. तो गौण होता. सत्ताधारी आणि विरोधी पक्षांच्या शहर शाखांनी मिळून एक पडताळणी समिती नेमली आणि माणूस कोणाचा, एवढंच तपासायला घेतलं. समितीला हा अधिकार दिला कोणी, हे विचारायची सोय नव्हती. विचारणारा कोणाचा, हे आधी तपासलं गेलं असतं.

पहिल्या बैठकीत शहरातले वाढदिवसाचे सगळे फ्लेक्स पाहण्यात आले. वकिलांचा फोटो एकाही फ्लेक्सवर नव्हता. सोलापुरात कोणाचाच शुभेच्छुक नसलेला माणूस संभवत नाही, तेव्हा हे गृहस्थ मुद्दाम लपून बसले आहेत, असा ठराव दोन्ही पक्षांनी एकमतानं केला. त्यांचं एकमत झाल्याचं हे पहिलंच उदाहरण.

मग समिती वकिलांच्या घरी गेली. दोरीवर टॉवेल वाळत होता, अर्धा एका पक्षाच्या रंगाचा, अर्धा दुसऱ्याच्या.

"वकीलसाहेब, तोंड कंच्या बाजूनं पुसता?" समितीचे अध्यक्ष बिरुदेव यांनी विचारलं.

"जी कोरडी असेल तिनं."

'उमेदवार संधिसाधू आहे,' अशी इतिवृत्तात नोंद झाली.

इकडे अक्कलकोट रोड एमआयडीसीत माजिदाबींच्या टॉवेलच्या कारखान्याला दिरांशी चाललेल्या वादात सील लागलं होतं. अपील हायकोर्टात पडून होतं, कारण ऐकायला न्यायमूर्ती नव्हते. आत माग गंजत होते आणि कामगार दुसरीकडे काम बघू लागले होते. शेवटी त्या स्वतःच समितीपुढं आल्या.

"साहेब, वकीलसाब कुनाचे बी आसू देत की. निकाल माझ्या इरोधात गेला तरी चालंल, पर द्यायला कुनीतरी बसवा."

समिती चपापली. निकाल आपल्याच बाजूनं हवा असं न म्हणणारी बाई तिनं कधी पाहिली नव्हती.

"ते ऱ्हाऊ द्या," बिरुदेव म्हणाले. "तुमी नक्की कुनाच्या?"

माजिदाबींची पडताळणी सुरू झाली ती अजून चालू आहे. वकिलांचं नाव मात्र 'कोणाचेच नसल्यामुळे निःपक्षपाती वाटत नाहीत' या शेऱ्यासह परत गेलं. त्या महिन्यात माजिदाबींचा शेवटचा कारागीर गाव सोडून गेला. मला फार वाईट वाटलं.

वाचकहो, वाईट तुम्हालाही वाटायचं आहे, पण तुम्ही थांबला आहात. वकिलांचं आडनाव अजून कसं आलं नाही, म्हणून मघापासून तुमचा जीव खालीवर होतोय. बरोबरच आहे. ते कळल्याशिवाय त्यांच्यावर अन्याय झाला की बरं झालं, हे तुम्ही तरी कसं ठरवणार?