पिवळ्या तारेवरच्या पोटल्या

वैनगंगेच्या पाण्यात गळ्यापर्यंत उभी राहून सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर माझ्या ताटातल्या भाताचे खडे होवोत. तोंडात दात चारच उरलेत, तरी एवढी मोठी शपथ घेतली आहे, तेव्हा मधे कोणी "असं कुठं असते का?" म्हणून विचारू नये.

तर त्या दिवशी दुपारचे बारा वाजले होते आणि बुधरामची खुशबू ओसरीत लॅपटॉपपुढे बसून स्वतःचेच केस ओढत होती. संध्याकाळी पाच वाजून एकोणतीस मिनिटांच्या आत तिचा पेपर परदेशातल्या परिषदेकडे पोचायला हवा होता. साडेपाच झाले की दार बंद. पुढच्या वर्षी पाठवू म्हणावं, तर तिच्या पीएचडीची मुदतच याच वर्षी संपत होती. म्हणजे आज पेपर गेला तर ती डॉक्टर, नाही तर पाच वर्षं पाण्यात.

ही खुशबू म्हणजे गोसीखुर्दच्या धरणात ज्यांचं गाव गेलं, त्यातल्या बुधराम आणि रेवताबाईची थोरली. बुधराम अजून त्याच पाण्यात, बुडालेल्या गावाच्या डोक्यावर जाळं टाकतो. पोरगी नागपूरच्या कॉलेजात अतिवेगवान नेटवर्कवर संशोधन करते. ती नेमकं करते काय, हे तिनं एकदा बापाला समजावलं होतं.

"बाबा, एका कॉम्प्युटरनं दुसऱ्याले निरोप धाडला, की तिकडच्या दारातलं कार्ड तो निरोप घेऊन आत जाते. आतला मोठा मेंदू उठते, वही पाहते, मंग उत्तर देते. मी म्हटलं, आत जाचंच कायले? दारातल्या कार्डानंच उत्तर देऊन टाकाचं."

"मंग किती वेळ लागते?"

"एका सेकंदाचे दहा लाख तुकडे करा. त्यातले दोन."

बुधरामनं बराच विचार केला. मग म्हणाला, "सगळं पटलं. पण एवढी घाई कायची हाये?"

आता ही घाई धरणानंतर वसलेल्या नव्या गावात कशी आली? तर कॉलेजातल्या प्रयोगशाळेचं वायरिंग जळालं आणि दुरुस्ती पंधरा दिवस लांबली. तिच्या मार्गदर्शक सरांनी परवानगी दिली तशा दोन दांडग्या मशिनी, भाऊ मिथुनच्या मासोळीच्या पिकअपमध्ये बर्फाच्या खोक्यांना टेकून, घरी आल्या. आतल्या खोलीत एक या भिंतीला, एक त्या भिंतीला. दोन्हींच्या मधे एक पिवळी बारीक तार. ती कोणाच्या पायात येऊ नये म्हणून मिथुननं छातीएवढ्या उंचीवर खिळे ठोकून मस्त ताणून दिली. आत मशिनींचा असा उकाडा की खुशबू ओसरीतूनच त्या चालवायची. घरच्यांना तिनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "या खोलीत कोणी पाय ठेवाचा नाही. मांजरानं बी नाही."

आठ दिवस सगळं सुरळीत. निरोप गेला, उत्तर आलं, दोन. पुन्हा, दोन. शेवटचा आलेख तेवढा राहिला होता. आणि त्या दिवशी सकाळपासून आकडे असे यायला लागले: दोन, दोन, नऊशे, दोन, चौदाशे.

"चौदाशे?" खुशबू ओरडली. "अरे, एवढ्या वेळात त पोस्टकार्ड जाते!"

ते काही खरं नव्हतं, पण माणूस वैतागला की हिशेब राहत नाही. तिनं प्रोग्राम तपासला. एक ओळ बदलली, बावीसशे आले. ती ओळ परत केली, तर चोवीसशे. निरोप वाटेत हरवत होते. हरवलेला निरोप पुन्हा आला की दारातलं कार्ड गोंधळायचं, हा कुठला, कितवा, ते विचारायला आत पळायचं, आणि मेंदू उठून वही शोधेपर्यंत सगळी घाई वाया. त्यात मशिनींचे पंखे एकाएकी असे केकाटायला लागले की ओसरीचे पत्रे थरथरले.

तेवढ्यात शेजारचा भैय्यालाल खांद्यावर धानाचं पोतं घेऊन दारात. "वयनी, राईस मिल टाकली म्हणा की! आवाज त नाल्यापलीकडं येऊन राहिला. सांगतलं बी नाही."

खुशबू तोंड उघडणार, त्याआधी रेवताबाई चुलीपासूनच म्हणाली, "ठेवा ओट्यावर. उद्या घेऊन जा."

भैय्यालाल खूश होऊन गेला. खुशबू उठून उभी राहिली.

"माय! कुठं हाये आपल्या घरी मिल?"

"नाही त नाही. मिथुन उद्या अड्याळले जाते, आणीन कांडून."

"मिथुनले इचारलं?"

"त्याले काय इचाराचं?"

"अन् पॉलिश किती माराचं, कोंडा पाहिजे का नाही, हे त काकाले इचाराचं होतं! दारात कोणी आलं की आपलं ठोकून देतं तू उत्तर. घरात कोणाले इचारत जाय ना कधी!"

"इचारलं असतं त अर्धा घंटा बसला असता तो, चहा पेऊन गेला असता." रेवताबाईनं काठवटीतून हात काढला आणि पोत्याकडे दाखवला. "पाहाय. सगळं पोत्यावरच लिवून राहते."

पोत्यावर कोळशानं लिहिलं होतं: भैय्यालाल, पॉलिश कमी, कोंडा वापस.

"पोतं हरपलं, दुसऱ्याच्या घरी गेलं, फिरून आलं, तरी कोणाले इचाराची गरज नाही," रेवताबाई म्हणाली. "आता चहा घेतं का अजून कावतं?"

खुशबू ना चहा प्याली, ना कावली. ती पोत्याकडे बघत राहिली. मग मटकन खाली बसली आणि टकाटका टायपायला लागली. कार्डाला आत जाऊन वही बघावी लागते, कारण निरोप कितवा, कुठला, ते फक्त वहीत. तेच निरोपाच्या अंगावर लिहून पाठवलं तर? हरवू दे, फिरून येऊ दे, दारातल्या दारात उत्तर! ओट्यावर दुसरं पोतं आलं, तिसरं आलं, रेवताबाई "ठेवा, उद्या" म्हणत राहिली. खुशबूनं मान वर केली नाही.

पावणेचारला तिनं नवा प्रोग्राम चालवला. अडीच. अडीच. दोन. अडीच. तिनं घाईघाईनं सरांना फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि सकाळपासूनचं सगळं सांगितलं.

"निरोप हरवायचे थांबले?" सरांनी विचारलं.

"नाही सर, तेवढेच हरवून राहिले. पण उत्तर आता वेळेवर येते."

"मग एवढे हरवतात कशानं? तू तार पाहिली का?"

तार! त्या तारेतून वीज जात नाही, उजेड धावतो. तार वाकली की उजेड बाहेर सांडतो. खुशबू फोन हातात घेऊन आतल्या खोलीकडे पळाली आणि उंबऱ्यावरच खिळली.

खिडकीच्या जाळीपलीकडे चार मांजरी ओळीनं बसल्या होत्या, सिनेमा बघायला बसल्यासारख्या. आणि आत, मशिनीतून गरम हवेचा झोत निघतो ना, बरोबर त्याच्या तोंडाशी, पिवळ्या तारेवर, जुन्या मच्छरदाणीच्या बारा पोटल्या लटकत होत्या. पोटल्यांत झिंगे. तार मधे हमालाच्या पाठीसारखी वाकलेली. हवेची वाट अडलेली, म्हणून पंखे केकाटत होते.

"माय!"

रेवताबाई पदराला हात पुसत आली. "काय झालं? सुकले का?"

"हे तू टांगले?"

"मंग? चार दिवस झाले, उनाचा पत्ता नाही. झिंगे सडून राहिले होते. अन् तुह्या मशिनीतून एवढी गरम हवा निघून राहिली, फुकट जाऊन राहिली. दोरी बी बांधून तयार."

"मी म्हटलं होतं ना, पाय ठेवाचा नाही इथं कोणी!"

"म्हणूनच त इथं टांगले. मांजरं येत नाहीत."

खुशबूनं दात-ओठ खाऊन पहिल्या पोटलीला हात घातला. फोनमधून सर ओरडत होते, "खुशबू, काय आहे तारेवर?"

रेवताबाईनं फोन हातातून घेतला. घरात विचारण्याचा प्रश्नच नव्हता. "सर, झिंगे हायेत. निमे-अर्धे सुकले. सुकले की तुमच्यासाठी देतो पाठवून."

 सर हळू आवाजात म्हणाले, "ताई, तिला सांगा, हात लावू नको. अजिबात काढू नको. एवढ्या खराब तारेवर अडीच कोणालाच जमलेलं नाही. तसाच आलेख घे म्हणावं."

पाच सत्तावीसला पेपर गेला. झिंगे दुसऱ्या दिवशी उतरले, चांगले कडकडीत.

हिवाळ्यात परिषदेचं पत्र आलं. पेपर पसंत. फक्त एक अट: खराब तारेचा प्रयोग एकदा झाला म्हणून चालणार नाही, तीन वेळा करून दाखवा, आणि तारेवर नेमकं किती वजन होतं ते लिहा. खुशबू मशिनी घेऊन पुन्हा पिकअपमधून घरी. बाहेर लख्ख ऊन. रेवताबाईनं अंगणात झिंगे पसरले होते.

"माय, त्या पोटल्या पुन्हा टांगतं का तारेवर? तीन दिवस?"

"कायले? ऊन हाये ना."

"मले पाहिजे व माय."

"आता आली का इचाराले?" रेवताबाई झिंगे चाळत म्हणाली. "टांगीन. पण त्या खोलीच्या खिडकीची जाळी मांजरांनी फाडली. तीन दिवस काठी घेऊन तू बसाचं. अन् झिंगे किती होते, ते मीच सांगतो. दीड किलो. लिव."

तर जिनं दारातच उत्तर द्यायची विद्या शोधली, ती खुशबू तीन दिवस दारातच बसली होती, काठी घेऊन, मांजरींना हुसकत. आता ती डॉक्टर खुशबू आहे. पेपर छापून आला आहे, ज्याला पाहिजे त्यानं पाहावा.

सगळं खरं आहे. भात अजून भातच आहे, मघाशी हात घालून पाहिला. एक तेवढं बनवलेलं निघालं, तेही माझं नाही. ते दीड किलो. घरातला तराजू मिथुननं आधीच अड्याळला नेला होता, झिंगे कोणी मोजलेच नव्हते. आता कुठकुठले शास्त्रज्ञ तारेवर दीड किलो मोजून टांगताहेत आणि विचारताहेत, आमचा आकडा का जुळत नाही. त्यांना कोणी सांगावं, की रेवताबाईनं त्या दिवशीही आत जाऊन काही पाहिलं नव्हतं.