काटदऱ्यांची घरगाडी

एका जंगलात, ओढ्यापलीकडच्या बांबूच्या बेटाशी, एक साळिंदर राहत असे. त्याचे आडनाव काटदरे. हसू नका, मुलांनो. आडनाव कुणी निवडून घेत नाही.

काटदऱ्याची आई म्हातारी झाली होती. तिचे माहेर धुकेगडावरचे. धुकेगड म्हणजे त्या मुलखातला सगळ्यांचा लाडका डोंगर. चैत्रात तिथे अंजनीची झाडे बुंध्यापासून शेंड्यापर्यंत निळी होत आणि सारे जंगल ती बघायला लोटत असे. आईने मात्र लग्नानंतर ती एकदाही पाहिली नव्हती.

माघात घुबडवैद्यांनी तिचे डोळे तपासले. मग काटदऱ्याला बाजूला घेऊन ते म्हणाले, "चैत्र संपेपर्यंत दिसेल. पुढचं मी काही सांगत नाही."

काटदऱ्याला रडू आले. तो खरेच चांगला मुलगा होता. त्याने तिथल्या तिथे ठरवले, की आईला धुकेगड दाखवायचाच. तेही साधेसुधे नाही, घरगाडीने.

घरगाडी म्हणजे चाकांवरचे घर. आत चूल, आत बिछाना, खिडकीला पडदा आणि ओढायला दोन गवे. आईला दगडाधोंड्यांतून चालायला नको, बाहेरचे खायला नको. आई, तो आणि बायको, अशा तीन जागा.

आता एवढ्या लांब जायचे आणि नातेवाइकांना विचारायचे नाही, हे त्या जंगलात बसत नव्हते. तिथली रीत अशी होती : यजमानाने तीनदा विचारायचे. पाहुण्याने पहिल्यांदा "नको" म्हणायचे. दुसऱ्यांदा "छे, छे, उगाच तुम्हाला त्रास" म्हणायचे. तिसऱ्यांदा "एवढं म्हणताय तर" म्हणायचे आणि पिशवी भरायला घ्यायची. पहिल्याच हाकेला हो म्हणणाऱ्याला तिथे हावरट समजत.

काटदरे आधी घोरपड मावशीकडे गेला. साळिंदराची मावशी घोरपड कशी, असे विचारू नका. नाती जोडली की जुळतात.

काटदऱ्याला वाटले, मावशी नाहीच म्हणेल. मावशीला वाटले, हा तिसऱ्यांदा विचारणारच नाही. दोघेही सभ्य होते, त्यामुळे दोघेही फसले.

मग साडू मुंगूस झाला, त्याची बायको झाली, त्यांची चार पिल्ले झाली. साडूची सासू आलीच. ती काटदऱ्याचीही सासू असल्यामुळे तक्रार कुणाकडे करणार?

घरगाडीला आणखी एक खोली जोडली. मग आणखी एक. चाके सहा झाली, गवे चार झाले. मावशीला झोपाळ्याशिवाय जेवण पचत नसे, म्हणून झोपाळा टांगला. फाल्गुन संपला आणि लाकूड कमी पडले, तेव्हा काटदऱ्याने स्वतःच्या घराचे दार काढून गाडीला बसवले.

"अहो, घराला दार नको का?" बायकोने विचारले.

"घर घेऊनच तर चाललोय आपण," काटदरे म्हणाला.

आई कोपऱ्यात बसून हे सगळे बघत होती. जेवढे दिसत होते तेवढे.

निघायचा दिवस उजाडला. चैत्राचे शेवटचे दहा दिवस उरले होते. आईने पहाटेच आंघोळ केली होती. ठेवणीतले लुगडे नेसून, मांडीवर गाठोडे घेऊन ती उंबऱ्याशी बसली होती. काटदरे चाकाला तेल घालता घालता म्हणाला, "आई, येतेस ना?"

आईचा सारा संसार त्याच जंगलात झालेला. ती म्हणाली, "नको रे बाळा. तुम्ही जाऊन या."

काटदऱ्याने दोरी आवळली. "अगं, चल की."

"मी म्हातारी. उगाच तुमची अडचण," आई म्हणाली आणि गाठोड्याची गाठ पुन्हा एकदा घट्ट केली.

काटदरे तिसऱ्यांदा तोंड उघडणार, एवढ्यात साडू ओरडला, "चौथा गवा सुटला!" काटदरे धावला. गवा धरून आणेपर्यंत ऊन चढले होते, पिल्ले रडत होती आणि आईच्या जागेवर सासूबाईंच्या लोणच्याच्या बरण्या बसल्या होत्या.

आईला तिसऱ्यांदा विचारले का? काटदऱ्याला नीट आठवेना. विचारलेच असणार. घोरपडीला तीनदा विचारणारा मुलगा आईला कसा विसरेल? आईने हात हलवला. गाडी निघाली.

घाटात घरगाड्यांची रांग लागली होती. दर वळणावर गवे अडत होते. सहाव्या दिवशी काटदरे मंडळी वर पोहोचली. मावशी झोपाळ्यावर झोपली. साडूने पत्ते काढले. सासूबाई म्हणाल्या, "आपल्याकडे हवा यापेक्षा बरी असते."

काटदरे एकटाच अंजनीखाली जाऊन उभा राहिला. सगळे निळे होते.

"आईनं यायला हवं होतं गं," मागून आलेल्या बायकोला तो म्हणाला.

"तुम्ही विचारलंत की," बायको म्हणाली.

"हो, विचारलं ना," काटदरे म्हणाला. त्याला बरे वाटले. त्याने आईसाठी फुलांची एक डहाळी तोडून घेतली.

परत यायला वैशाख लागला. आई बिनदाराच्या घरात बसली होती. काटदरे तिच्यासमोर अगदी हातभर अंतरावर उभा राहिला.

"कोण आहे?" आईने विचारले.

काटदऱ्याने डहाळी तिच्या हातात ठेवली. फुले वाटेतच सुकून काळी पडली होती. आईने ती हळूहळू चाचपली.

"निळी आहेत ना रे?"

"हो, आई."

"छान झालं. तुमचं बघून झालं ना?"

काटदऱ्याचे डोळे भरून आले. तो म्हणाला, "पुढच्या चैत्रात तुला नेतोच. येशील ना?"

"नको रे बाळा. आता काय बघायचंय?"

"आई, खरंच चल."

"नको म्हटलं ना."

आई नको म्हणते ती मनापासूनच, हे काटदऱ्याला या सहलीने शिकवले होते. तो वळला आणि गाडीचे दार काढून घराला बसवायला लागला.

तात्पर्य : आईला कधीच काही नको असते. खात्री करून घ्यायची असेल, तर दोनदा विचारावे. तिसऱ्यांदा विचारण्याचा धोका पत्करू नये.