ट्रम्पेटची अंघोळ

फोरमनच्या बायकोने ट्रम्पेटला अंघोळ घातली, तेव्हा फोरमन कारखान्यात होता. ही वेळ तिने मुद्दामच साधली होती. नऊ वर्षं तो कारखान्याच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवत होता आणि नऊ वर्षांत त्याने त्या ट्रम्पेटला पाण्याचा थेंब लागू दिला नव्हता. "धुतलं की सूर जातो," असं त्याचं ठाम मत होतं. ट्रम्पेटजवळ उभं राहून त्याच्याशी वाद घालायचा, तर आधी नाक दाबून धरावं लागे, म्हणून कुणी वाद घालत नसे.

कोमट पाणी, साबण आणि बाटल्या धुवायचा ब्रश. पहिल्या पाण्यात जे निघालं त्याचं वर्णन न केलेलं बरं. बोटांनी दाबायचे तिन्ही पिस्टन तिने बाहेर काढले, घासले, टॉवेलवर मांडले. तिघेही सख्खे भाऊ दिसत होते. त्यांच्यावर बारीक आकडे कोरलेले होते, पण चष्मा आतल्या खोलीत होता आणि हात ओले. तिने ते अंदाजाने बसवले, शिलाईयंत्राचं तेल सोडलं आणि ट्रम्पेटची पेटी बंद करून गप्प बसली.

आता, येत्या शनिवारी कारखान्याचा वर्धापनदिन होता. बँडच्या वादनाच्या शेवटी ट्रम्पेटने एक सूर सोळा मात्रा लांबवायचा असे. फोरमनचा दम दरवर्षी अकराव्या मात्रेला संपे आणि ढोलवाला धडाधड वाजवून पुढची अब्रू झाकून घेई. या वर्षी बँडमास्तरांनी बजावलं होतं, "सोळा नाही गाठल्या, तर पुढच्या वर्षीपासून तो सूर गोदामातल्या कारकुनाचा." त्या एका सुरासाठी तर फोरमन वर्षभर जगत होता.

संध्याकाळी त्याने फुंक मारली. फुस्ससुद्धा झालं नाही.

"अगं, लवकर ये! माझा दम संपला."

"संपला म्हणजे?"

"मेला! फुंकतोय, फुंकतोय, पण हवा पुढे जातच नाही."

चोराच्या मनात चांदणं. पण धुतल्याने सूर गेला असता तर ट्रम्पेट बेसूर वाजलं असतं. अजिबात न वाजणं हा माणसाचाच आजार असणार, अशी तिने स्वतःची समजूत घातली. "वय झालं हो तुमचं," ती म्हणाली आणि लगेच जीभ चावली.

डॉक्टरांनी त्याला पुढून-मागून तपासलं. "फुप्फुसं ठणठणीत आहेत."

"मग वाजत का नाही?"

"मी माणसं तपासतो, वाद्यं नाही. फारच वाटत असेल तर रोज पन्नास फुगे फुगवा."

फोरमन इरेला पेटला. सकाळी पन्नास फुगे, संध्याकाळी पन्नास, आणि मध्ये अर्धा-अर्धा तास त्या मुक्या ट्रम्पेटमध्ये डोळे बाहेर येईपर्यंत फुंकणं. बायको फुगे बाजूला सारत केर काढू लागली. चौथ्या दिवशी तर एका दमात फुगा फुगून फुटायला लागला आणि गॅसपाशी उभी असलेली ती दर वेळी दचकायची. ट्रम्पेट मात्र ढिम्म होतं.

शुक्रवारी तो बायकोला आणि ट्रम्पेटला घेऊन बँडमास्तरांकडे गेला. "मास्तर, उद्याचा सूर कारकुनालाच द्या," म्हणताना त्याचे डोळे भरून आले.

"बघू इकडे." मास्तरांनी छाती फुगवून फुंक मारली. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. आवाज नाही. ते मटकन खुर्चीत बसले. "अरे देवा! माझाही गेला?"

त्यांनी ट्रम्पेट उलटंपालटं करून पाहिलं. मग मास्तरांमधला मास्तर जागा झाला. त्यांनी एक पिस्टन उपसला. "हा तीन नंबर एकाच्या घरात काय करतोय? कुणी उघडलं होतं हे?"

"नऊ वर्षांत कुणाची हिंमत नाही झाली," फोरमन अभिमानाने म्हणाला.

"माझी झाली," बायको म्हणाली. आणि तिने ब्रशपासून तेलापर्यंत सगळं सांगून टाकलं.

फोरमन ओरडायला उठला, तोवर मास्तरांनी पिस्टन जागच्या जागी बसवले होते. "भांडण घरी. आधी फुंक!"

पाच दिवस बंद भिंतीवर आपटलेल्या त्या दमाला एकदम वाट मिळाली. सूर असा सुटला, की खिडकीची काच थरथरली. मास्तर हाताने मात्रा मोजत होते. अकरा गेल्या, सोळा गेल्या. चोविसाव्या मात्रेला त्यांचाच हात दुखून खाली आला. फोरमनने बायकोकडे पाहिलं. ओरडायला दम उरला नव्हता आणि इच्छाही नव्हती.

शनिवारी ढोलवाल्याने सवयीने अकराव्या मात्रेला काठ्या उचलल्या, त्या सव्विसाव्या मात्रेपर्यंत हवेतच राहिल्या. सगळा कारखाना उभा राहून टाळ्या वाजवत होता आणि त्यांत सर्वांत मोठ्या टाळ्या फोरमनच्या बायकोच्या होत्या.

सोमवारी फोरमन कामावर गेल्यावर मास्तर तिच्या दारात हजर. दोन्ही काखांत एकेक पेटी.

"वहिनी, एवढी दोन धुऊन द्या. एक कारकुनाचं आहे."

"देते की! आणि या वेळी अगदी नीट बसवते हं."

मास्तरांनी मागे वळून पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला.

"नीट नको. मागच्यासारखंच बसवा. शनिवारी मी येऊन सरळ करतो."