पंतांचे पाय आणि दोन तारा

अकोल्यात दोन तारांना एका जमिनीत नांदवणारा माणूस मीच! सरकारी तार आणि रेल्वेची तार, दोन्ही आमच्या एकाच कचेरीत येतात. तारेतून गेलेली वीज जमिनीतून परतते, म्हणून तांब्याचा पत्रा ओल्या मातीत पुरावा लागतो. नियमानं दोन तारांना दोन पत्रे हवेत. मी म्हटलं, कशाला? अंगणात पाय धुवायचा दगड होता. कापसाच्या गाडीवाल्यांची इतकी वर्दळ, की तिथली माती कधी वाळायचीच नाही. त्या दगडाखाली एकच पत्रा पुरला आणि दोन्ही तारा त्यालाच जोडल्या!

मग ठरलं, की अमरावतीचे वकील कमलाकांतपंत मला बघायला येणार. त्यांची मुलगी चारुशीला मला एकदाच देवळात दिसली होती आणि तेव्हापासून माझं जेवणावरचं लक्ष उडालं होतं. पंतांपुढे चिखल नको, म्हणून मी दगड मागच्या दारी हलवला आणि शिपाई नत्थुजीच्या घरून बाया बोलावून अंगण सारवून घेतलं. ऐन वैशाख! काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. सारवल्यामुळे त्या दिसत नव्हत्या एवढंच!

पंत आले. माझा अमरावतीचा दोस्त गोवर्धन ठरल्याप्रमाणे सरकारी तारेवरून माझी शिफारस करणार होता. यंत्र टकटकलं आणि मी ऐटीत मोठ्यानं वाचू लागलो.

"मुलगा निर्व्यसनी आहे... आतून ओला निघाला... घराणं चांगलं... वर कापूस, खाली माती... ताबडतोब परत न्या!"

रेल्वेच्या तारेवरची कापसाच्या गाठींची तक्रार माझ्या शिफारशीत घुसली होती!

"बाबूजी, दोनी यंत्रं संगच बोलून राह्यले!" नत्थुजी ओरडला. "मले त भेव लागते!"

पंत पगडी सावरून तडक बाहेर पडले. चारुशीला चालली! आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात उजेड पडला. दगड हलवला आणि पत्र्याभोवतीची माती वाळली! जमिनीत उतरायला वाट नाही, म्हणून एका तारेची वीज दुसरीत शिरत होती. मी कळशी उचलून धावलो. पंत नेमके पत्र्याच्या जागेवर जोडे घालत उभे होते.

"पंत, हलू नका!" म्हणत मी अख्खी कळशी त्यांच्या पायांवर ओतली.

आत एक यंत्र गप्प झालं आणि दुसरं स्वच्छ बोलू लागलं. मी खिडकीतून ऐकून सांगितलं, "मुलगा उत्तम. मुलगी खुशाल द्यावी!"

पंत थक्क झाले. खरं सांगतो, मीसुद्धा! कळशीभर पाणी काय पडलं, पायाखालची मुकी जमीन थेट अमरावतीशी बोलायला लागली. माझ्या अंगावर काटा आला. पाणी जिरलं, यंत्रं पुन्हा अडखळली. दुसरी कळशी ओतली, पुन्हा स्वच्छ!

"बाप्पा! पंताईच्या पायात देव हाये!" नत्थुजीनं लोटांगणच घातलं.

"पंत, ही सगळी पाण्याची करामत," मी म्हणालो.

"पाणी तर विहिरीतही असतं! ती कुठे बोलते?" पंत आपल्याच पावलांकडे भक्तीनं बघत होते. "चिंतामणराव, मुलगी दिली!"

"मुहूर्त कधीचा धरायचा?"

"मृग लागल्यावर बघू. तोवर मी इथून हललो, तर सरकारचं कसं व्हायचं?"

आता पंत रोज अंगणात पाट टाकून बसतात आणि मी कळशा ओततो. लग्नात सासरा जावयाचे पाय धुतो म्हणतात. आमच्याकडे ते आधीच उरकलं आहे, फक्त पाय चुकले!