वाजलं का, काशीभाऊ?

काशीभाऊ आमच्या स्टोअरमध्ये सरळ चालत कधीच येत नाहीत. शटरखाली थांबतात, कान टवकारतात. दारावरच्या यंत्राने 'पीप' केलं नाही की चार पावलं उलटे मागे जातात आणि पुन्हा येतात. तेवढ्यानेही भागलं नाही तर गळ्यातलं कार्ड दोन बोटांत धरून खेकड्यासारखे आडवे आत शिरतात. मागे टेंपोवाला हॉर्न बडवत असतो. काशीभाऊ ढिम्म. "पयलं वाजू दे रं," म्हणतात, "मग बघू."

काशीभाऊ म्हणजे मुक्काम पोशीर, घरची भातशेती आणि साजगावच्या आमच्या कारखान्यात स्टोअरकीपर. मी त्याच स्टोअरात कॉम्प्युटरवर बसतो, दहिवलीहून येतो. काशीभाऊ आडव्या अंगाचे, मिशा भरघोस, आवाज शिवारातला. एकदा रॅकखाली निघालेलं जनावर, चांगला लांबलचक साप, त्यांनी हाताने उचलून नाल्यापलीकडे सोडलं होतं. या माणसाला भीती वाटते असं सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही. पण परीक्षा हा शब्द काढा, त्यांच्या हाताला घाम सुटतो. शाळेत गणिताच्या पेपराला ते बाकावरच भोवळ येऊन पडले होते, तेव्हापासून परीक्षेशी त्यांचं बोलणं बंद होतं.

ते बोलणं कंपनीने पुन्हा सुरू करून दिलं. स्टोअरमध्ये आरएफआयडी आलं. म्हणजे प्रत्येक खोक्यावर नखाएवढी चिप असलेला कागदी टॅग, आणि दारावर यंत्र. खोकं दारातून गेलं की यंत्र लहरी सोडतं, टॅग आपलं नाव सांगतो, पीप वाजतं. आमची कार्डंही तशीच. मोजदाद नाही, ओरडाआरडा नाही. फक्त साहेबांनी एक बारीक गोष्ट सांगितली : स्टोअरकीपरला या विषयाचं प्रमाणपत्र हवं. पनवेलला कॉम्प्युटरवर परीक्षा. पास झालात तर खुर्ची तुमची, नाही तर बाहेरचा माणूस येईल आणि काशीभाऊ भंगार यार्डात बसतील.

भंगार यार्ड आमच्याकडे कंपाउंडच्या टोकाला आहे. तिथे पत्र्याची शेड, गंजके ड्रम आणि एक कुत्री. तिथे गेलेला माणूस परत आलेला मी पाहिला नाही.

सरावासाठी कंपनीने काशीभाऊंना एक किट घरी न्यायला दिलं. छोटं यंत्र, एक चौकोनी अँटेना, पाकीटभर टॅग. "परीक्षा झाली की परत जमा करायचं," साहेबांनी बजावलं. काशीभाऊंनी ते किट बारशाच्या बाळासारखं दोन्ही हातांवर घेऊन नेलं.

मग आमचे हाल सुरू झाले. जेवायला बसलो की काशीभाऊ विचारायचे, "वाजलं का?" म्हणजे पोट भरलं का. बस आली, "वाजलं." साहेब रागावले, "आज लय जोरात वाजलं." आणि दिवसातून कितीदा तरी एकच प्रश्न, हमालापासून कँटीनवाल्यापर्यंत सगळ्यांना : "समजा दोन टॅग एकदम बोललं, तर यंत्रानं कोणाचं आयकायचं?" पुस्तकात त्याचं उत्तर सहा पानांचं होतं. मी ते त्यांना वाचून दाखवलं, आकृती काढून दाखवली. ते मान हलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचे. कँटीनवाला शेवटी म्हणाला, "भाऊ, माझ्याकडं दोघं एकदम ओरडले तर मी कोणालाच चहा देत नाय."

एका सोमवारी तर कहरच. कार्डाला घाम लागतो, चिप खराब होईल, म्हणून काशीभाऊंनी कार्ड जपून ठेवलं. कुठे, तर भाकरीच्या स्टीलच्या डब्यात, घट्ट झाकण लावून. धातूच्या आड टॅग मुका होतो हे पुस्तकात पहिल्याच धड्यात होतं. सकाळपासून काशीभाऊ दारातून आत-बाहेर करताहेत आणि यंत्र गप्प. दहा वाजता मी बाहेर पाहतो तर स्वारी पायरीवर बसलेली, चेहरा उतरलेला.

"काय झालं भाऊ?"

"आरं सुनील, मी आत आलोच नाय."

"अहो, मघाशी तुम्हीच मला बोल्ट काढून दिलेत."

"ते खरं. पण यंत्राच्या लेखी मी घरीच हाय." आणि मग खालच्या आवाजात, "मला आता यंत्रपण वळखत नाय रं."

जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला तेव्हा उलगडा झाला. सगळे हसले, मीही हसलो. काशीभाऊ हसले नाहीत. त्यांनी कार्ड बाहीला पुसून पुन्हा गळ्यात घातलं.

परीक्षेच्या पडद्यावर कोपऱ्यात एक घड्याळ उलटं चालतं, हे त्यांना मीच सांगितलं होतं, आणि सांगायला नको होतं. त्यानंतर त्यांनी स्टोअरचं घड्याळ भिंतीकडे तोंड करून टांगलं. कोणी ते सरळ केलं की उठून पुन्हा फिरवायचे. एकदा तारीख मिळाली, तर लावणी आहे म्हणून त्यांनी ती पुढे ढकलली. दुसऱ्यांदा मिळाली, तर म्हैस व्यायला आलीय म्हणून ढकलली. म्हैस व्यायली, पारडू चालायला लागलं, तरी काशीभाऊ तयार होईनात. साहेब म्हणाले, "या वेळी नाही गेलात, तर यार्डाची चावी घेऊन जा." त्या दिवशी काशीभाऊंनी चहा तसाच परत पाठवला. मलाही धडकी भरली. ते गेले तर दारात आडवा होऊन शिरणारा माणूस जाईल, एवढंच तेव्हा मला सुचलं.

परीक्षेच्या आदल्या रविवारी दुपारी मी उजळणी घ्यायला पोशीरला गेलो. घराला कडी होती. शेजारच्या बाईंनी सांगितलं, "भाऊ नेरळला बाजारात गेलंय, येतील. बसा वटीवर." घरात दुसरं कोणी नाही. काशीभाऊंच्या बायकोला, आमच्या वहिनींना, जाऊन दोन पावसाळे झाले होते, मुलगी लग्न होऊन पेणला. मी ओटीवर बसलो. चौकटीच्या वर, गणपतीच्या तसबिरीशेजारी, कंपनीची अँटेना सुतळीने बांधलेली दिसली. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, माणूस सराव करतोय.

काशीभाऊ आले. गळ्यात रविवारीही कंपनीचं कार्ड, खांद्याला एक बायकी पिशवी, लाल-हिरव्या ठिगळांची, बंद झिजलेले. तिच्यातून मेथीची जुडी डोकावत होती. मला पाहून ते जरा दचकलेच. मग कडी काढून उंबऱ्यात थांबले, अगदी स्टोअरात थांबतात तसे.

पीप.

आणि लगेच, थोडंसं मागून, आणखी एकदा पीप.

मग ते आत गेले.

मी मागून गेलो. "भाऊ, कार्ड एक आणि वाजलं दोनदा. यंत्र बिघडलंय का?"

"नाय."

"मग दुसरा टॅग कुठला?"

त्यांनी खांद्यावरची पिशवी उतरवली. मेथी काढून पाटीत ठेवली, पिशवी खुंटीला अडकवली. तेव्हा मला दिसलं. पिशवीच्या आतल्या बाजूला एक टॅग शिवलेला होता, जाड्या बोटांनी घातलेले वेडेवाकडे टाके. पिशवी वहिनींची. बाजाराला त्या तीच घेऊन जायच्या.

"दोघं बाजारातून आलो की ती मागून यायची," काशीभाऊ माझ्याकडे न बघता म्हणाले. "मी पुढं, ती मागं. चप्पल काढता काढता कायतरी बोलायचीच. भाव लय सांगितला, नायतर तुमी घासाघीस केलीच नाय. आता कडी काढली का घर असं गप असतंय ना सुनील, मला भ्या वाटतं. खरंच भ्या वाटतं. संध्याकाळचा मी गावात उगा फिरत बसायचो, घरी यायला नको म्हणून. हे लावल्यापासून येतो."

मी दारावरच्या अँटेनाकडे पाहिलं.

"पास झालो तरी किट जमा," ते म्हणाले, "नापास झालो तरी जमा. म्हणून परीक्षाच नको वाटते."

लावणी आणि म्हैस मला तेव्हा कळली. मी म्हटलं, साहेबांना सांगू, किट राहू द्या म्हणून. तर म्हणाले, "काय सांगशील? काशीच्या दारात पिशवी बोलते? हसतील रं सगळी."

हसली असती. मीही त्यांत असतो.

उजळणी घेण्यात माझं लक्ष नव्हतं. तरी जाता जाता त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला. दोन टॅग एकदम बोलले तर? काशीभाऊ खुंटीकडे बघत म्हणाले, "यंत्र एकाला सांगतं, तू थांब. दुसऱ्याचं आयकून घेतं. मग थांबलेल्याला इचारतं. कोणाला इसरत नाय." पुस्तकातली सहा पानं एवढीच होती.

परीक्षेला मी त्यांना मोटारसायकलवरून नेलं. चौक गाव मागे पडलं तसा त्यांनी माझा खांदा घट्ट धरला. मी काहीबाही बोलत राहिलो, पण भीती मलाही चढली होती. आत जाताना केंद्राच्या दारात ते थांबले. तिथे यंत्र नव्हतं. काहीच वाजणार नव्हतं. मला वाटलं, आता हा माणूस मागे फिरणार. मी मागून हळूच तोंडाने "पीप" केलं. पहारेकऱ्याने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. काशीभाऊ आत गेले.

पास झाले. काठावर, पण झाले. साहेबांनी पेढे वाटले, आणि काशीभाऊंनी त्याच दिवशी किट आणून माझ्या टेबलावर ठेवलं. यंत्र, अँटेना, गुंडाळलेली सुतळीसुद्धा. मी पाकिटातले टॅग पाहिले. एक कमी होता. काशीभाऊ छताकडे बघत होते.

"सरावात फाटला असेल," मी म्हटलं.

"फाटला असंल," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी काशीभाऊ डबा घेऊन आले तो ठिगळांच्या पिशवीतून. शटरखाली थांबले. पीप. थोडंसं मागून आणखी एकदा पीप. माझ्या पडद्यावर लाल अक्षरांत उमटलं, अनोळखी टॅग. हमाल बघत होते, मागे टेंपोवाला हॉर्न बडवत होता. काशीभाऊ घाई न करता आत आले आणि पिशवी आपल्या खुर्चीच्या पाठीला अडकवली.

संध्याकाळी जाताना पुन्हा दोनदा. तेव्हापासून रोज तेच चाललंय. त्यांच्या घरी आता काय वाजतं ते मी विचारलेलं नाही, पण रविवारी अधूनमधून बायकोला घेऊन पोशीरला जातो, आणि ओटीवर पाय ठेवण्याआधी दोघंही मोठ्याने हाक मारतो.

परवा साहेब माझ्या मागे उभे राहून पडदा बघत होते. म्हणाले, "हा अनोळखी टॅग कोणाचा? रोज सकाळी काशिनाथच्या मागून आत येतो."

"स्टोअरचाच आहे, साहेब," मी म्हटलं आणि त्यांच्यासमोरच त्याला नाव देऊन टाकलं. आता पडद्यावर लाल अक्षरं येत नाहीत. काशीभाऊंच्या नावाखाली, रोज सकाळी, हिरव्यात नुसतं 'वहिनी' येतं.